डिकीतली वाळू

चढावर एखादी गाडी अडते, पुढची चाकं जागच्या जागी गरगरतात, रबराचा करपट वास हवेत पसरतो आणि मागचे हॉर्न सुरू होतात. त्यानंतर जे घडतं, ते मी सव्वीस वर्षं पाहते आहे. शेजारून जाणारा दुचाकीवाला मान वाकवून काचेतून आत बघतो. आत पुरुष असेल तर म्हणतो, "रस्त्याची पार वाट लावलीय राव." आत बाई असेल तर काहीच म्हणत नाही. नुसता हसतो.

त्या हसण्याविषयी मला लिहायचं आहे. संपादकांनी माझ्याकडे 'ड्रायव्हिंग स्कूलमधल्या गमतीजमती' मागितल्या होत्या. गमती पुष्कळ आहेत, पण यंदा माझ्या मनात राग आहे, आणि तो बाजूला ठेवून विनोद सांगत बसणं मला जमणार नाही.

चिंचवड गावठाणाच्या कडेला माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. मी मराठी घेऊन एम. ए. केलं, तेही काव्य हा विशेष विषय घेऊन. तिथून या डाव्या सीटवर कशी आले, ती हकिकत इथे नको. एवढंच सांगते, की कवितेनं मला कान दिले आणि ते या धंद्यात वाया गेले नाहीत. शिकाऊ गाडीत प्रशिक्षकाच्या पायाशी जादा क्लच आणि जादा ब्रेक असतो. मात्र स्टिअरिंग एकच, आणि ते दुसऱ्याच्या हातात. त्यामुळे गाडीचं मन आम्हाला आवाजातून, कंपातून आणि वासातून ओळखावं लागतं.

चाकं गरगरण्याआधी गाडी सांगते. इंजिनाचा सूर चढत जातो, पण खिडकीतलं झाड तिथेच उभं राहतं. आवाज पळतो, गाडी पळत नाही. आणि स्टिअरिंग एकाएकी हलकं होतं, गर्दीत आपला हात धरून चालणाऱ्यानं तो अवचित सोडून द्यावा तसं. हा हलकेपणा ओळखायला मी प्रत्येकीला आणि प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात शिकवते. मला त्याचा अभिमान आहे. निदान या वर्षापर्यंत होता.

ज्यांनी कधी बॉनेट उघडून पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन पुढे असतं आणि ते पुढचीच चाकं फिरवतं. मागची चाकं नुसती मागोमाग येतात. प्रत्येक चाक जमिनीला टेकतं ते साधारण तळहाताएवढ्या जागेवर. म्हणजे अख्खी गाडी, आतल्या माणसांसकट, चार तळहातांवर उभी असते आणि ओढण्याचं काम त्यांतले पुढचे दोनच करतात. ते जमिनीवर जितके दाबून बसतील तितकी पकड. जमीन ओली असेल, टायर झिजलेले असतील किंवा पुढचा भार कमी झाला असेल, तर पकड सुटते. अशा वेळी घाबरलेला माणूस काय करतो? ॲक्सिलरेटर आणखी दाबतो. चाक आणखी वेगानं फिरतं आणि उरलीसुरली पकडही जाते. उपाय नेमका उलटा आहे: पाय उचला, स्टिअरिंग सरळ करा, दुसरा गिअर टाका, क्लच हळूहळू सोडा. जमिनीवर जबरदस्ती चालत नाही. तिची मनधरणी करावी लागते. नव्या गाड्यांत ही मनधरणी यंत्रच करतं. समोर एक पिवळा दिवा लुकलुकतो आणि गरगरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लागतो. जुन्या गाड्यांत हा दिवा नाही. तिथे माणसालाच शहाणं व्हावं लागतं.

आता वजनाची गोष्ट. ती मला नीट कळली सोपानरावांमुळे.

सोपानराव चाकणजवळच्या एका गावातले. वय बासष्ट, सारा जन्म ट्रॅक्टरवर आणि जीपवर गेलेला. मुलानं नवी छोटी गाडी घेऊन दिली, म्हणून माझ्याकडे चार दिवस 'हात साफ करायला' आले होते. एका सकाळी मला त्यांच्या घरी जावं लागलं, कारण गाडी बंगल्यासमोरच्या कच्च्या वाटेवर रुतली होती. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि कंपन्यांचे डंपर तिथून काळी माती सांडत गेले होते. मी पोचले तेव्हा गाडीची डिकी उघडी होती आणि तीत सोपानरावांचे तीन दणकट पुतणे पाय बाहेर सोडून बसले होते. गाडीचं नाक आकाशाकडे, पुढची चाकं चिखलाची कारंजी उडवत होती.

"बसा रं नीट! वजन पडू द्या मागं!" सोपानराव आतून ओरडत होते.

"नाना, अहो उतरवा त्यांना," मी म्हटलं.

"बाई, तुमी शेरातल्या. ट्रॅक्टर रुतला की आमी अशीच माणसं बसवतो मागं. हाय का न्हाई रं?"

"व्हय नाना," तिन्ही पुतणे एका सुरात म्हणाले. त्यांची तोंडं चिखलानं माखली होती.

"ट्रॅक्टरचं जोर लावणारं चाक मागे असतं, नाना. जीपचंही मागेच असायचं. या गाडीचा ओढणारा बैल पुढे आहे. तुम्ही मागे माणसं बसवून त्या बैलाचे पाय जमिनीवरून उचलताय."

सोपानरावांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, वाकून पुढच्या चाकाकडे बराच वेळ पाहिलं. मग डिकीकडे वळले.

"उतरा रं भाड्यांनो! बैल पुढं हाय!"

एक पुतण्या पुढच्या सीटवर गेला, दोघांनी दोन बाजूंनी बॉनेटवर हात टेकून भार दिला, चाकाखाली विटांचे तुकडे आले आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये संथपणे वर निघाली. सोपानराव पुढे कित्येक महिने भेटेल त्याला 'बैल पुढं' सांगत होते. चुकीचं काही केलं असं त्यांना वाटलं नाही, आणि मलाही वाटत नाही. ते जुनं ज्ञान होतं. फक्त यंत्र बदललं होतं. या पट्ट्यातल्या किती तरी घरांत ते अजून तसंच नांदतं आहे. पावसाळा आला की माणसं डिकीत विटा, पोती, फरशीचे तुकडे टाकतात आणि गाडी 'जड' झाली म्हणून निश्चिंत होतात.

सोपानरावांना कुणी हसलं नाही, हेही इथे नोंदवते. गाडी रुतली तेव्हा शेजारी म्हणाले, "कंपनीनं गाडीच हलकी दिलीय."

आता मंगलची गोष्ट.

चाकणच्या एमआयडीसीत गाड्या तयार होऊन बाहेर पडल्या, की त्या मोकळ्या यार्डात रांगेनं लावायच्या आणि पुढे ट्रेलरवर चढवायच्या असतात. हे काम करणारे ते यार्ड ड्रायव्हर. अलीकडे काही ठेकेदार या कामावर बायकाही घेऊ लागले आहेत. मंगल तिथल्याच एका कंपनीच्या कँटीनमध्ये सहा वर्षं भांडी घासत होती. तिचं गाव कंपनीच्या कुंपणाला लागून. ज्या जमिनीवर आज ते यार्ड आहे, तिथे तिच्या सासऱ्यांचा कांदा होत असे. खरकट्याच्या वाफेत उभी राहून जाळीतून ती रोज गाड्यांच्या रांगा बघायची. माझ्याकडे आली तेव्हा तिचे हात साबणानं पांढुरके पडले होते. स्टिअरिंगवर ठेवले, तेव्हा मात्र ते तिथे वाढल्यासारखे दिसले.

ठेकेदाराचा एक नियम होता. चाचणीच्या कागदावर एकदा 'नापास' लिहिलं गेलं, की त्या उमेदवाराला पुन्हा बोलवायचं नाही. मंगलला एकच संधी होती. ती हुकली तर मोरीसमोरची जागा तिची वाट पाहत होती.

चाचणी घेणारे बबनकाका. तीस वर्षं जीप आणि टेम्पो चालवलेला माणूस. पांढऱ्या मिशा, गळ्यात शिट्टी. उद्धट नव्हते. चहा आधी उमेदवारांना द्यायचे, मग स्वतः घ्यायचे. म्हणूनच मला त्यांचा अधिक राग आला. वाईट माणसाच्या हातून झालेला अन्याय निदान ओळखता तरी येतो.

माझी शाळा उमेदवार पाठवते, म्हणून मला पिवळं जाकीट आणि हेल्मेट देऊन आत सोडतात. सकाळचे दहा वाजले होते. पावसाची भुरभुर नुकतीच थांबली होती आणि ट्रेलरवर गाड्या चढवायचा सिमेंटचा रॅम्प ओल्या पाटीसारखा चमकत होता. चाचणीची गाडी जुनी, पिवळा दिवा नसलेली. मंगलच्या आधी दोन तरुण होते. पहिल्याची चाकं रॅम्पच्या मध्यावर गरगरली.

"रॅम्प ओला हाय भावा, मागं घे आन् जरा पळवत आण," बबनकाका म्हणाले. त्यानं खालून वेग घेतला आणि मध्ये न थांबता चढला. पास. दुसऱ्याचंही तेच झालं. परत घे, पास.

मग मंगल बसली. तिनं रॅम्पच्या मध्यावर गाडी थांबवली, कारण चाचणी तशीच होती: मध्ये थांबायचं आणि तिथून पुन्हा निघायचं. क्लच हळू सोडला. चाकं गरगरली. तिनं लगेच पाय उचलला, ब्रेक धरला, स्टिअरिंग सरळ केलं, पुन्हा प्रयत्न केला. सगळं मी शिकवलं होतं तसं, अगदी तसं. चाकं पुन्हा गरगरली. ब्रेक लागताना डिकीतून एक दबका आवाज आला. ओलं काहीतरी सरकल्याचा.

बबनकाकांनी शिट्टी फुंकली आणि कागदावर लिहायला सुरुवात केली. मी त्यांच्या खांद्यामागे उभी होते. 'कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं: महिला उमेदवार घाबरली.

"काका, हे काय लिहिलंत?"

"मॅडम, पोरगी चांगली हाय. पण चढाला बायामाणसाचं काळीज हलतंच. त्यात काय वाईट वाटून घ्यायचं?"

"तिचा हात थरथरला? गाडी मागे घसरली? तिनं ॲक्सिलरेटर रेटला?"

"न्हाई. पण चाकं फिरली ना?"

"त्या दोघांचीही फिरली. त्यांना तुम्ही परत घे म्हणालात."

"ते... ती पोरं रोजची हायेत."

मी रॅम्पकडे पाहिलं. गाडीचं नाक वर होतं, रॅम्पच्या चढामुळे व्हायला हवं त्याहून बरंच वर. आणि मला सोपानरावांचे चिखलानं माखलेले तीन पुतणे आठवले.

"डिकी उघडा," मी म्हटलं.

डिकीत वाळूची चार पोती होती. भिजून काळी पडलेली. त्यांच्या गोणपाटाला मातीचा आंबूस वास येत होता.

"ही कुणी ठेवली?"

"मीच की!" बबनकाका अभिमानानं म्हणाले. "रॅम्पवर चाकं फिरत व्हती म्हणून ठेवली. पकड यावी म्हणून. बायका बसतात, त्यांना तेवढीच मदत."

मदत! चढावर गाडीचा भार आधीच मागे सरकतो. त्यात मागच्या चाकांच्याही मागे चार पोती ठेवली, की पुढच्या चाकांचे तळहात जमिनीवरून जवळजवळ सुटतातच. मग मध्ये थांबून निघायला सांगायचं. आणि चाकं फिरली की भित्री म्हणून शिक्का मारायचा. मी हे सगळं त्यांना सांगितलं. आवाज चढला असेल. आसपासचे चार-सहा जण जवळ आले.

"तुम्ही बसा काका," मी म्हटलं. "मध्ये थांबा आणि निघून दाखवा."

बबनकाका बसले. मध्ये थांबले. चाकं गरगरली. ॲक्सिलरेटर दाबला, धूर निघाला. ते खाली उतरले, रॅम्पवर बूट घासून बघितला आणि म्हणाले, "लई ओला झालाय. शेवाळ धरलंय वाटतं."

"काका," मागून आवाज आला. मंगलचा. "तुमचं काळीज नाही ना हललं?"

कुणीतरी फिसकन हसलं. बबनकाकांच्या मिशा थरथरल्या.

"लई बोलतीस. मग तूच चढव बघू."

"चढवते. पोती राहू द्या आतच. फक्त गाडी फिरवून घेते."

तिनं गाडी खाली आणली, वळवली आणि तिचं तोंड उताराकडे, पाठ चढाकडे केली. मग रिव्हर्स गिअर टाकून, खांद्यावरून मागे पाहत, ती उलटी रॅम्पवर आली. मध्यावर थांबली. आता ओढणारी चाकं चढाच्या खालच्या अंगाला होती आणि गाडीचा भार त्यांच्यावर रेलला होता. क्लच सुटला. रबर जमिनीला चिकटल्याचा तो घट्ट, ओला, समाधानी आवाज मी ऐकला. आणि गाडी वर गेली, कुठेही घाई न करता.

हे तिला मी शिकवलं नव्हतं. नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, "कँटीनचा गॅसच्या टाक्यांचा हातगाडा ओल्या चढावर असाच उलटा धरून न्यावा लागतो, मॅडम. जिथं जोर लावायचा, तिथं वजन पाहिजे."

बबनकाकांनी मोकळेपणानं मान्य केलं. "पटलं. पोती काढतो." पण कागद तसाच होता.

"तो शब्द खोडा," मी म्हटलं.

"आता पास करतोच की तिला. एका शब्दानं काय हुतंय मॅडम?"

मी आयुष्याची उमेदीची वर्षं एकेका शब्दाच्या जागेसाठी भांडण्यात घालवली आहेत. वर्गात, चर्चासत्रांत, वहीच्या समासात. त्यातलं एकही भांडण इतकं गरजेचं नव्हतं. "काका, तुमचा हा कागद फायलीत राहील. उद्या हिच्या हातून एक आरसा जरी घासला, तरी कुणीतरी ही फाइल काढेल आणि म्हणेल, ही घाबरते हे आधीच लिहून ठेवलंय."

त्यांनी ओळ खोडली. वर लिहिलं: डिकीत वाळू होती. पुन्हा घेतली. पास. आणि सही केली. मंगलनं ते दोनदा वाचलं आणि मग कँटीनच्या जाळीकडे पाहिलं. आत काम करणाऱ्या बायका जाळीला तोंडं लावून उभ्या होत्या.

इथे मी थांबले असते तर ही माझ्या विजयाची गोष्ट झाली असती.

पण काका फाइल मिटत होते, तेव्हा मी विचारलं, "ही पोती केव्हापासून आहेत?"

"गेल्या पावसाळ्यापासनं."

गेल्या पावसाळ्यात मी रेश्माला पाठवलं होतं.

मी फाइल मागितली. तिचा कागद सापडला. तेच अक्षर, तोच रकाना, तेच तीन शब्द: महिला उमेदवार घाबरली. "हाही बदला," मी म्हटलं. बबनकाकांनी या वेळी मान हलवली. "त्या दिवशी चाकं कशानं फिरली, आता कुणाला म्हाईत मॅडम? जुना कागद मी न्हाई बदलणार." मी कितीही बोलले तरी ते हलले नाहीत. तो कागद अजून तसाच आहे.

रेश्मा तळवड्याला राहते. माझ्या शाळेतल्या सर्वांत तल्लख मुलींपैकी एक. चाचणीच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले नव्हते. आकुर्डीला दुसरी बॅच होती. ती परत आली तेव्हा तिनं मला काहीतरी सांगितलं होतं आणि मी काहीतरी उत्तर दिलं होतं. ते उत्तर मला आठवत नव्हतं. तिला आठवत असणार, हे मात्र यार्डातून बाहेर पडतानाच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या घरी गेले. ती आता एका पॅकिंग युनिटमध्ये खोकी चिकटवते. नवरा तिला दुचाकीवरून सोडतो आणि आणतो. लायसन्स कपाटात साड्यांखाली. मी वाळूचं सगळं सांगितलं. ती चहाचं भांडं हातात धरून ऐकत राहिली.

"म्हणजे माझी चूक नव्हती?"

"नव्हती."

"मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं मॅडम. म्हटलं होतं, स्टिअरिंग एकदम हलकं झालं. तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

मी नकारार्थी मान हलवली.

"म्हणालात, भीतीनं तुझा हात सैल पडला असेल. मन खंबीर कर, मग बघू."

तो हलकेपणा ओळखायला मीच तिला शिकवलं होतं. तिनं तो ओळखला, मला येऊन सांगितला, माझ्याच शब्दांत सांगितला. आणि मी तिच्या हातांपेक्षा बबनकाकांच्या कागदावर विश्वास ठेवला. काचेतून आत पाहून हसणाऱ्या त्या दुचाकीवाल्यावर मी सव्वीस वर्षं चिडत आले. त्या दिवशी रेश्मासमोर तो मीच होते.

मी माफी मागितली. तिनं ती घेतली की नाही, मला माहीत नाही. तिनं चहा गाळला, कप माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, "हे लिहून द्या."

"कुणाला देऊ? बबनकाका तर ऐकत नाहीत."

"त्यांना नको. मला द्या. आमच्या ह्यांना वाचून दाखवीन. सासूबाईंना दाखवीन. वर्षभर घरात सगळे म्हणतायत, जाऊ दे, घाबरली होती बिचारी. मीही म्हणायला लागले होते."

मी विचारलं, "छापून आलं तर चालेल? नाव बदलते."

"नाव कशाला बदलता?" ती म्हणाली. "त्या कागदावर माझंच नाव आहे ना?"

म्हणून नाव बदललेलं नाही. त्या फायलीतला कागद मला बदलता आला नाही, तेव्हा त्याच्यासमोर हा ठेवते, माझ्या सहीनं: रेश्मा घाबरली नव्हती. स्टिअरिंग हलकं झालं होतं. तिनं ते बरोबर ओळखलं होतं.